माजघरातली वाट

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. सातवी-आठवीला माझ्या वर्गात होती. आता पुण्याला एका सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. फराळाची बशी पुढे ठेवली, पण तिचे लक्ष चकलीत नव्हते. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, एका पेचात पडलेय. आमच्या प्रोग्रामचं माहितीपुस्तक निघायचंय. आतली कुठली फंक्शनं त्यात घालायची नि कुठली वगळायची, हे माझ्यावर टाकलंय."

फंक्शन म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे शाळेचे स्नेहसंमेलन उभे राहते: मांडव, हार, आणि तासभर उशिरा येणारे प्रमुख पाहुणे. ते मी बोलून दाखविले तेव्हा ती हसली. मी म्हटले, "अगं, त्यात पेच कसला? सगळीच घाल. लपवण्यासारखं काय आहे?"

"लपवण्यासारखं काहीच नाही, बाई. पण लिहिलं की ते वचन होतं. मग मोडता येत नाही."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेली शाळामास्तरीण. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. यंत्रातले मला काही कळत नाही. परंतु छापलेला शब्द लेखकाला कसा बांधून टाकतो, हे मात्र अनुभवाने ठाऊक आहे. चाळिसाव्या पानावर नायिकेची आई वारली असे एकदा छापून गेले की दोनशेव्या पानावर तिला दारात उभी करता येत नाही. टेबलाच्या खणातल्या कच्च्या कागदांवर मात्र ती कितीदा मरते आणि कितीदा उठून बसते! म्हणून मी ठरविले, की या पोरीच्या पेचाचा मागचा इतिहास काय आहे, तो जरा पाहावा. सुट्टीत वाचीत गेले, अडले तेथे तिलाच विचारीत गेले, आणि जे हाती आले ते इतके माणसांचे निघाले, की वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

आधी फंक्शन म्हणजे काय ते आपल्या घरगुती भाषेत सांगते. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणतात, "वाटीभर साखर द्या हो." आपण आत जातो, वाटी भरून आणून देतो. साखर कोणत्या फळीवर, कोणत्या डब्यात आहे, याच्याशी काकूंना कर्तव्य नसते. 'साखर द्या' हे झाले बाहेरचे फंक्शन. त्याच्या पोटात आतली कामे असतात: फळीकडे जाणे, तिसरा डबा काढणे, झाकण उघडणे. आता समजा, काकूंना कुणी सांगितले की साखर तिसऱ्या डब्यात असते, आणि त्या आपल्या हातानेच घेऊ लागल्या. वेळ वाचला, दोघींचीही सोय झाली. पण पुढे एके दिवशी मुंग्या झाल्या म्हणून आपण साखर पाचव्या डब्यात हलविली आणि तिसऱ्यात मीठ भरले, तर काकूंच्या शिऱ्याचे काय होईल? आणि दोष कोणाचा?

संगणकाच्या दुनियेतला हा तंटा साठ वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवात नेमकी उलट्या टोकाने झाली.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने 'सिस्टिम/३६०' नावाच्या संगणकांची घोषणा केली. त्यांच्यासाठी जी मोठी ऑपरेटिंग सिस्टिम लिहावयाची होती, त्या कामाचा मुख्य होता फ्रेडरिक ब्रूक्स. शेकडो माणसे एकाच प्रोग्रामवर खपत होती. ब्रूक्सचे मत असे, की प्रत्येकाला सगळ्यांच्या कामाची सगळी माहिती असावी. म्हणून त्याने एक दफ्तर ठेवविले आणि आतल्या प्रत्येक गोष्टीची नोंद त्यात घालून त्याच्या प्रती माणसांना दिल्या. हे दफ्तर वाढत वाढत पाच फूट जाडीचे झाले. म्हणजे जवळजवळ माझ्या उंचीचे! रोज बदललेली दीडशेच्या आसपास पाने येत, आणि ती जुन्या पानांच्या जागी लावण्यातच वेळ जाई. शेवटी कागद सोडून त्यांनी नोंदी सूक्ष्म छायाचित्रांच्या पट्ट्यांवर घेतल्या. शाळेचे दाखले आणि हजेरीपत्रके सांभाळणाऱ्या कोणाही मास्तराला त्या माणसांची दया आल्यावाचून राहणार नाही.

या मताला सुरुंग लावला डेव्हिड पार्नास या तरुण प्राध्यापकाने. तो त्या वेळी पिट्सबर्गच्या कार्नेगी-मेलन विद्यापीठात होता. १९७१ आणि १९७२ मध्ये त्याने जे निबंध लिहिले त्यांचा मथितार्थ असा: चांगला प्रोग्रामर हाती आलेली माहिती वापरल्याशिवाय राहत नाही. त्याला तिसऱ्या डब्याचे कळले की तो तिसरा डबा उघडणारच. म्हणून प्रोग्रामचे तुकडे पाडताना प्रत्येक तुकड्याने आपला एखादा निर्णय, जो उद्या बदलण्याचा संभव आहे असा निर्णय, आपल्या पोटात ठेवावा आणि इतरांना फक्त दारावरचे बोलणे शिकवावे. त्याने उदाहरण घेतले तेही अगदी साधे, शब्दांची सूची तयार करण्याच्या प्रोग्रामचे. एकच काम दोन तऱ्हांनी विभागून त्याने दाखविले, की एका तऱ्हेत लहानसा बदल सगळीकडे पसरतो, तर दुसरीत तो एका खोलीतच राहतो.

ब्रूक्सला हे पटले नाही. १९७५ साली त्याने आपल्या अनुभवांचे जे पुस्तक लिहिले, आणि जे आजही वाचले जाते, त्यात त्याने पार्नासची ही कल्पना अनर्थाला आमंत्रण देणारी ठरविली. येथवर नेहमीचेच, विद्वानांचे पटत नाही हे आपण पाहतोच. परंतु वीस वर्षांनी, १९९५ साली, त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा ब्रूक्सने तिच्यात स्वच्छ लिहिले, की पार्नासचे बरोबर होते आणि माझे चुकले. जुना मजकूर त्याने तसाच राहू दिला आणि नवी कबुली पुढे जोडली. मला हे फार मोठे वाटते. फळ्यावर चुकलेले गणित मुलांच्या देखत पुसायलासुद्धा माझा हात जड होतो. येथे तर जगभर खपलेल्या पुस्तकात स्वतःची चूक स्वतःच छापावयाची होती.

असो. कंपनीच्या आतल्या माणसांचा हा वाद. बाहेरच्या जगाला काय सांगावे, याचा एक सुरेख नमुना त्याच सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांच्या युनिक्स नावाच्या सिस्टिमचे पहिले माहितीपुस्तक. त्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. त्याचे सात भाग. दुसरा भाग सिस्टिमच्या दारांचा: बाहेरच्या प्रोग्रामने युनिक्सला काय काय मागता येईल, ते. दारांमागच्या खोल्यांत जी असंख्य फंक्शने एकमेकांना हाका मारीत असतात, त्यांना या भागात जागा नाही. शिवाय अनेक नोंदींच्या शेवटी 'दोष' असे शीर्षक देऊन त्या कामात काय बिघडते तेही प्रांजळपणे नोंदविलेले! माझ्या मैत्रिणींपैकी एकीने जरी स्थळ पाहताना मुलाच्या माहितीपत्रात असा रकाना मागितला असता तर!

हा शिरस्ता आजही चालू आहे. १९९१ साली लिनस टॉरवल्ड्सने सुरू केलेल्या लिनक्समध्ये बाहेरच्या दारांची कडी बदलणे हा अपराध समजतात, आणि आतल्या फंक्शनांबद्दल मात्र आम्ही काहीही शब्द देत नाही, असे त्यांच्या कागदपत्रांत उघड सांगितलेले आहे. लिनक्सचा सगळा मजकूर कोणालाही वाचायला मोकळा आहे, हे ध्यानात घ्यावे. म्हणजे दिसणे वेगळे आणि वचन वेगळे. माझ्या घरात आलेल्या पाहुण्याला माजघर दिसते; म्हणून त्याने तेथे जाऊन फडताळ उघडावे असे नाही.

आता गोष्ट येते ती ज्या संगणकांनी आपल्या घरात पाऊल टाकले त्यांची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला 'पीसी' बाजारात आणला. त्याच्या तांत्रिक पुस्तकात कंपनीने बायॉस नावाच्या मूळ प्रोग्रामची ओळ न् ओळ छापून टाकली. सांगणे मात्र असे, की पडद्यावर अक्षर उमटवायचे असेल तर बायॉसच्या दारावर येऊन मागा. पण दार संथ होते. पडद्याची स्मृती कोठे आहे हे सर्वांना समजलेले होते, तेव्हा घाईच्या माणसांनी दार सोडले आणि थेट तेथेच अक्षरे लिहू लागले. १९८३ साली आलेला 'लोटस १-२-३' हा हिशेबाचा प्रोग्राम असाच, आणि त्याचा वेग पाहून लोक थक्क झाले. मग दुसऱ्या कंपन्यांनी आयबीएमसारखे संगणक बनवायला घेतले, तेव्हा त्यांना नुसत्या दारांची नक्कल करून भागेना. आतल्या भिंती, कोनाडे, सारे तसेच्या तसे उभारावे लागले. 'आमच्यावर लोटस चालतो' ही त्या नकलांची परीक्षा झाली. आणि पडद्याची ती जागा मग कोणालाच हलवता आली नाही.

त्या पीसीवर मायक्रोसॉफ्टची डॉस नावाची सिस्टिम होती. तिच्या एका खिडकीवर कामांचे क्रमांक होते; क्रमांक सांगावा, काम करून घ्यावे. परंतु माहितीपुस्तकात मधलेच काही क्रमांक गाळलेले, किंवा त्यांच्यापुढे 'राखीव', एवढाच शब्द. कपाटाच्या एकाच कप्प्याला कुलूप असेल तर घरातले मूल सगळे खेळ टाकून त्याच कप्प्यापाशी बसते. प्रोग्रामरांचेही तसेच झाले. एका क्रमांकामागे डॉसच्या आतल्या सगळ्या याद्यांचा पत्ता सापडला. लोक त्याला 'याद्यांची यादी' म्हणू लागले.

आणखी एक क्रमांक होता, त्याची कथा मला फार बोलकी वाटते. डॉस म्हणजे एकच कारकून बसलेली कचेरी. तो एकाचे काम करीत असता मध्येच दुसऱ्याने कागद पुढे सरकविला तर त्याचा सगळा घोटाळा होई. पण त्या काळी असे प्रोग्राम निघाले होते, की जे पडद्याआड दबा धरून बसत आणि कळ दाबताच पुढे येत. १९८४ चा 'साइडकिक' त्यांतला गाजलेला. अशा प्रोग्रामांना कारकून मोकळा आहे की कामात, हे कळल्याशिवाय गत्यंतर नव्हते. ते दाखविणारी पाटी कचेरीत लावलेली होती. डॉसबरोबर येणारा, मागे बसून छपाई करणारा स्वतःचा प्रोग्राम ती पाटी पाहून चालत असे. मात्र ती पाटी कोठे आहे, हे पुस्तकात नव्हते. घरच्या माणसाला ठाऊक आणि भाडेकरूला नाही! लोकांनी शोधून काढलीच. पण ज्याने शोधली त्याला पुढच्या आवृत्तीत ती तेथे असेल की नाही याची चिंता.

१९९० साली अँड्र्यू शुलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डॉसच्या अशा न छापलेल्या फंक्शनांचे एक पुस्तकच काढले, आणि १९९२ साली विंडोजच्या तशाच फंक्शनांचे दुसरे. त्या सुमाराला उघड आरोप होऊ लागला, की मायक्रोसॉफ्टच सिस्टिम करते आणि मायक्रोसॉफ्टच तिच्यावर चालणारे इतर प्रोग्रामही विकते. मग तिच्या माणसांना मागच्या दाराने जाता येते आणि बाकीच्यांनी पुढच्या दारात रांग लावावी, हा कुठला न्याय? येथे प्रश्नाने वेगळे वळण घेतले. तोवर 'छापू नये' याचे कारण शहाणपणाचे होते: उद्या बदल करता यावा. परंतु जो घराचा मालक आहे तोच जर समोरच्या दुकानदाराचा प्रतिस्पर्धी असेल, तर त्याच मौनाचा अर्थ पालटतो. पार्नासचा निबंध येथे पुरत नाही. पार्नासला हे अभिप्रेतही नसावे.

अखेरीस प्रकरण न्यायालयांत गेले. अमेरिकेत सरकारने १९९८ साली मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. तो बराच व्यापक होता. पण २००२ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या तडजोडीत एक अट अशी होती, की कंपनीचे ठराविक जातीचे प्रोग्राम विंडोजची जी फंक्शने वापरतात ती सर्वांसाठी प्रसिद्ध करावीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने पावणेतीनशेच्या घरात फंक्शने उघड केली. त्यांतल्या काहींना बाहेर नावेसुद्धा नव्हती, नुसते क्रमांक. वाटावे, की केवढा खजिना उघडला! प्रत्यक्षात पुष्कळशी अगदी किरकोळ निघाली. हा मजकूर जोड, ती स्मृती मोकळी कर, असली. आणि त्यांतल्या कितीतरी फंक्शनांच्या पानावर कंपनीने वर एक टीप लावली, की हे पुढच्या आवृत्तीत बदललेले असेल किंवा मुळीच नसेल. न्यायालयाच्या आज्ञेने पुस्तकात आले, पण वचन नाही दिले! मला आमच्या नात्यातल्या एका आत्याबाईंची आठवण झाली. वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून त्या सुनेला तिजोरीची किल्ली देत आणि म्हणत, "ही घे, कुलूप मात्र उद्या बदलायचंय."

युरोपातला झगडा अधिक रंगला. तेथे प्रश्न फंक्शनांपेक्षा बोलीचा होता: विंडोजचे संगणक एकमेकांशी ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात, ती प्रसिद्ध करावी की नाही. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने तारेवरून जाणारे निरोप टिपून टिपून त्या जातीची बोली शिकायला आरंभ केला. पुढे त्याने ही रीत समजावून सांगताना उपमा दिली, ती फ्रेंच न येणाऱ्या माणसाने फ्रान्समधल्या कॅफेत बसून गिऱ्हाईक काय म्हणते आणि वाढपी काय आणून देतो ते ऐकत-पाहत भाषा शिकण्याची. त्यातून 'सांबा' हा प्रोग्राम झाला. नावाचीही मौज अशी, की त्या बोलीच्या नावातली एस, एम, बी ही तीन अक्षरे क्रमाने येणारा शब्द त्याने संगणकावरच्या शब्दसूचीतून शोधून काढला होता. आपल्या लिपीतही 'सांबा'त स, म, ब नांदतातच.

२४ मार्च २००४ रोजी युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि ती बोली इतरांना कळवण्याचा आदेश दिला. १७ सप्टेंबर २००७ ला तेथल्या न्यायालयाने तो कायम केला. त्या डिसेंबरात सांबाच्या मंडळींना १०,००० युरो एकदाच भरून कागद मिळाले, आणि २००८ च्या फेब्रुवारीत कंपनीने तीस हजारांवर पाने सर्वांसाठी खुली केली. सोळा वर्षे कॅफेत बसून ऐकणाऱ्यांना अखेर व्याकरणाचे पुस्तक मिळाले.

हे सारे वाचताना मला वारंवार आमच्या वाईच्या जुन्या घराची आठवण येत होती. परसात विहीर होती. पाठीमागच्या आळीतली माणसे आमच्या परसातून येऊन पाणी नेत. आजोबांनी कुणाला कधी बोलावले नाही आणि कुणाला अडवलेही नाही. पुढे नळ आले. पण वाट चालूच राहिली, कारण तिकडून बाजार जवळ पडे. वडिलांना त्या जागी एक खोली काढायची होती. पाया आखला त्या संध्याकाळी आळीतले चार लोक ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "अण्णा, वहिवाट आहे."

१८८२ चा कायदा आहे, आणि त्यात वीस वर्षे अखंड, हक्काने वापरलेल्या वाटेला संरक्षण आहे. पण त्यातली खोच मला वडिलांनीच सांगितली. आजोबांनी जर 'खुशाल या' म्हणून परवानगी दिली असेल, तर तो नुसता परवाना; तो काढून घेता येतो. लोक जर न विचारता, आपला हक्क समजून येत राहिले असतील, तर ती वहिवाट. म्हणजे मालकाने तोंडाने 'हो' म्हटले तर तो सुटतो आणि गप्प राहिला तर अडकतो! वडील आठवडाभर आजोबांच्या वह्या चाळीत होते. एक ओळ सापडली नाही. शेवटी खोली दोन हात आत घेतली. माझी अभ्यासाची जागा त्या दोन हातांत गेली, म्हणून मला ते पक्के आठवते.

सॉफ्टवेअरमधली मोठी वहिवाट म्हणजे जावाची. १९९६ पासून ही भाषा सर्वत्र पसरली. ती करणाऱ्या सन कंपनीने तेव्हाच बजावले होते, की 'सन' या नावाने सुरू होणारी अंतर्भागातली खोकी आमच्या खासगीतली आहेत, त्यांना हात लावू नका. त्यांतल्या एकाचे तर नावच ठेवले 'अनसेफ', म्हणजे असुरक्षित. दारावर 'कुत्र्यापासून सावध' लिहावे तसे. तरी लोक आत गेलेच. हौसेने नव्हे, तेथे जे काम वेगाने होई ते दुसरीकडे होतच नसे. नेटी, कॅसँड्रा असे नामांकित प्रोग्राम त्यावर उभे राहिले आणि त्यांच्यावर पुन्हा इतरांचे व्यवहार. जावा पुढे ओरॅकल कंपनीकडे गेली. २०१७ च्या सप्टेंबरात जावाची नववी आवृत्ती निघाली, तेव्हा आतली दारे लावून घ्यायचे ठरले होते. पण त्याआधीच दोन वर्षे ओरड सुरू झाली. मग त्यांनी जो मार्ग काढला तो माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत समंजस. ज्याला दुसरा पर्याय आहे ते बंद. ज्याला पर्याय नाही ते तूर्त उघडे, पण वेगळ्या खोलीत, आणि त्या खोलीचे नाव 'आधार नसलेले'. नंतर एकेक नवा रस्ता बांधावयाचा, लोकांना तिकडे वळवायचे, आणि मग जुना मोडायचा. २०२१ मध्ये बहुतेक दारांना कुलपे लागली; 'अनसेफ'मधली स्मृतीला हात घालणारी फंक्शने पुढेमागे काढून टाकणार, ही सूचना छापली गेली ती २०२४ साली, तेविसाव्या आवृत्तीत, नवे रस्ते तयार झाल्यावर.

हे वाचून झाले तोवर सुट्टी संपत आली होती. माझी विद्यार्थिनी पुण्याला परतण्यापूर्वी पुन्हा आली, या वेळी यादी घेऊन. आम्ही दोघी झोपाळ्यावर बसलो. बहुतेक नावांवर ती भराभर खुणा करीत गेली. ज्याला बाहेरून अर्थ आहे ते आत. ज्याचा आकार अजून ठरलेला नाही ते बाहेर. जे केवळ आमच्या सोयीचे ते बाहेर. कोशात काय घ्यावे आणि काय गाळावे याच्या गप्पा विश्वकोशाच्या गावात वाढलेल्या माणसाला नव्या नसतात. मीही दोन-चार मते ठोकून दिली. मग एका नावापाशी तिची पेन्सिल थांबली.

"हे बघा ना. हे आतलंच आहे. पुढच्या वर्षी आम्ही हा सगळा भाग नव्यानं लिहिणार. साहेब म्हणतात, पुस्तकात नको. त्यांचं बरोबर आहे."

"मग?"

ती जरा वेळ बोलली नाही. मग सांगितले, की दोन वर्षांपूर्वी एका दूध संघाचे काम रात्री अडले होते. सकाळी शेतकऱ्यांच्या पंधरवड्याचे पैसे जमा व्हायचे आणि हिशेब पुरा होईना. रात्री साडेअकराला फोन आला तो हिनेच घेतला. या फंक्शनाचे नाव तिने फोनवर सांगितले. काम झाले. आणि तेव्हापासून दर पंधरवड्याला त्यांचा हिशेब त्याच वाटेने होतो.

"पुस्तकात नाही, बाई, म्हणजे आमच्यावर बंधन नाही. पुढच्या वर्षी ते जाईल आणि आम्ही म्हणू, छापलेलं नव्हतं. पण मी सांगितलं होतं ना."

मी तिला आजोबांच्या वह्यांची गोष्ट सांगितली. कायद्याप्रमाणे पाहू गेले तर तिने दिला तो परवाना, आणि परवाना काढून घेता येतो. ते ऐकून ती म्हणाली, "मग कायदा माझ्या उपयोगाचा नाही." बशीतला एक अनारसा उचलला आणि यादी घडी करून पर्समध्ये ठेवली.

भाद्रपदात तिचा फोन आला. पुस्तक निघाले होते. साहेबांशी दोनदा वाद झाला, असे म्हणाली. एकदा तिचा आवाजही चढला. ते फंक्शन मुख्य पानांत नाही. शेवटी एक वेगळे पान आहे. त्यावर तीनच नावे. प्रत्येकापुढे ते कधीपर्यंत राहील आणि त्याऐवजी काय वापरावे, हे लिहिलेले. बाकीच्या दोन नावांचे पर्याय तयार आहेत. दूध संघाच्या वाटेचा पर्याय तिने स्वतः लिहायला घेतला आहे, आणि तो पुरा होईपर्यंत जुने मोडायचे नाही, असे साहेबांकडून कागदावर घेतले आहे. पुस्तक बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी तिने संघाच्या हिशेबनिसांना फोन केला होता. ते म्हणाले, "ताई, आम्हाला वाटलं ते पुस्तकातलंच आहे."